गावस बाईंनी मागितलेला कौल

श्रुती, जवळ बस बघू. तू तिकडे मडगावात आणि मी इकडे सर्वणला, हे मला ठाऊक आहे, तरी बस. आणि हातातलं ते गरम पाणी ओतून खायचं प्रकरण बाजूला ठेव. आहारशास्त्र शिकते म्हणे पोरगी! परवा फोनवर मी विचारलं, जेवलीस का, तर म्हणालीस, ‘‘आजी, परीक्षा आहे, आत्ता काहीतरी ढकलते पोटात.’’ पोट म्हणजे काय बंद पडलेली बस आहे, ढकलायला?

आणि वर मलाच विचारतेस, ‘‘आजी, आमच्यासारखं खाण्यापिण्याचं आणि तातडीच्या उपचाराचं शिक्षण तुमच्या वेळी होतं का गो?’’ मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तोवर तुझं ‘नंतर बोलते’ झालं. ते नंतर काही आलं नाही. म्हणून आता लिहूनच सांगते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांच्या कागदावर वाचून झालेलं. तेव्हा चुका काढत बसू नको.

होतं गो, हे शिक्षण आमच्या वेळी होतं. आमच्याच घरी भाड्याने राहत होतं.

सुलभा गावस. पेडण्यातल्या हळर्णच्या. आम्ही सगळी त्यांना गावस बाईच म्हणायचो. तेव्हा गोवा राज्य व्हायचं होतं. आमच्या तालुक्यात नवीन कॉलेज निघालं होतं, आणि त्यात पोरींसाठी हा विषय आला होता, तो शिकवायला बाई आल्या होत्या. अर्धं वर्ष खाण्यात काय असतं ते शिकायचं, आणि अर्धं वर्ष माणूस अचानक पडला, बुडाला, भाजला तर डॉक्टर हाताला लागेपर्यंत काय करायचं ते. गावात कोणाला ह्याचा मेळ लागेना. आमचे हे बाजारात घड्याळं दुरुस्त करायचे, त्यांना प्रत्येक गोष्ट उघडून बघायची सवय. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, ‘‘म्हणजे बाई, आधी खायला घालायचं आणि मग उचलून न्यायचं?’’

‘‘बरोबर समजलात, भाऊ,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पहिलं नीट केलं तर दुसरं कमी करावं लागतं.’’

बाई उंच, हाडापेराने मोठ्या, चालताना ढांगा टाकणाऱ्या. लग्न केलं नव्हतं. का, ते मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, ‘‘वेळ मिळाला नाही.’’ बाजाराला वेळ मिळाला नाही म्हणतात तसं. पडवीलगतची खोली त्यांना दिली होती, पण त्या खोलीत फक्त झोपायच्या. बाकी वेळ माझ्या रांधपात. आल्या की पहिलं काम म्हणजे चुलीवरच्या भांड्याचं झाकण उचलणार! दुसऱ्याच्या घरात असं कोणी करतं का? माझा तर जीव वर गेला होता पहिल्या दिवशी. एक झाकण, दुसरं झाकण, मग माझ्याकडे वळून, ‘‘भाताची निवळ कुठे गेली?’’

‘‘गाईला घातली.’’

‘‘गाय जाणार आहे का कॉलेजात?’’

मला राग आला होता. पण दुसऱ्या दिवसापासून निवळ गाईला गेली नाही, हेही खरं.

आणि हे फक्त माझ्याकडेच नाही. वर्गातल्या पोरींच्या घरी पेजेच्या वेळेला त्या हटकून टपकायच्या. आयांनी आधी घाबरून बिस्किटं बशीत मांडली. बाई बिस्किटाला हात लावत नसत. ‘‘तुमची पेज द्या,’’ म्हणायच्या, आणि उभ्याउभ्याच पेज, वर सुक्या बांगड्याचा तुकडा, असं खाऊन तोंड पुसून विचारायच्या, ‘‘आता सांगा, घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं? तिच्या ताटात काय उरतं?’’ त्यांच्या पुस्तकात सफरचंद, चीज, काय काय असायचं. बाई ते पुस्तक मिटायच्या आणि पोरींना कुळीथ, आळसांदे, तांबडी भाजी, नाचणीचं तिजाण ह्यावर बोलायला लावायच्या. ‘‘पोटाला इंग्रजी कळत नाही,’’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या दारात पाव घेऊन येणाऱ्या पोदेराशी तर रोजची जुगलबंदी. कोंड्याची पोई दाबून बघायच्या, ‘‘पोदेरा, कोंडा कुठे पळाला रे?’’

‘‘बाई, कोंडा घातला तर लोक घेत नाहीत.’’

‘‘तू घाल, मी घेते.’’

‘‘तुमच्या एकटीसाठी भट्टी लावू?’’

‘‘लाव. मरशील तेव्हा पुण्य कामाला येईल.’’

पण खाण्याचं हे सगळं हसतखेळत चालायचं. दुसऱ्या अर्ध्या विषयाला हात घातला की बाईंचा चेहरा बदलायचा. तिथे त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ती त्यांनी कधी लपवली नाही. गावात माणूस पडला तर त्याला आधी उचलून इस्पितळात न्यावं, बाकी सगळं मागाहून. पोरींना पहिल्या दिवशी त्यांनी शिकवलं ते हेच, ‘‘आधी श्वास, मग नातं.’’ म्हणजे कोण पडलं, कोणाचा कोण, कोणाशी त्याचं वाकडं होतं, हे नंतर बघा. आधी छाती हलते का बघा.

तुला हे सोपं वाटेल. तू शहरात वाढलीस. इकडे तेव्हा घरात कोणी अचानक लुडकलं की पहिली माणसं धावायची ती देवळाकडे. कौल लावायला. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरव गाऱ्हाणं घालणार, आणि उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. न्यायचं की नाही, बाधा आहे की आजार आहे, कुठल्या दिशेच्या डॉक्टरकडे न्यायचं, सगळं विचारायचं. पाकळी लगेच पडली तर बरं. नाही पडली तर बसायचं. कौल मी आजही लावते, उगाच खोटं कशाला सांगू? पण तेव्हा माणूस घरात तसाच पडलेला असायचा, आणि आम्ही देवळात बसलेले असायचो.

बाईंनी पोरींना तयार मात्र जोरात केलं. जुन्या सुती साड्यांचे त्रिकोण फाडून त्यांच्या पट्ट्या केल्या होत्या. त्या बाईंच्या पिशवीत सदा असायच्या, आणि समोर जो सापडेल त्याचा हात गळ्यात बांधून टाकायच्या. एकदा कांबळं आणि दोन वासे घेऊन माणूस कसा उचलावा ते शिकवायचं होतं. माणूस हवा होता. आमचे हे जेवून कदेलीत, खुर्चीतच, पेंगत होते, त्यांनाच धरलं. ‘‘भाऊ, तुम्ही बेशुद्ध.’’ ह्यांना काय, झोपूनच राहायचं होतं. पोरी त्यांना उचलून घराभोवती एक फेरी मारणार होत्या. पण बाई म्हणाल्या, चढावर नेऊन बघू, चढावरच हात भरतात. म्हणून निघाली ती वरात रस्त्याने. आमचे हे अंगावर चादर घेतलेले, डोळे मिटलेले, ऊन लागतं म्हणून चादर तोंडावर ओढलेली. झालं! वाटेवरच्या घरांतून माणसं बाहेर आली. पुरुषांनी हात जोडले. जनेलातून बघणारी आमची शेजारीण, जिच्याशी ह्यांचं कुंपणावरून चार वर्षं बोलणं नव्हतं, ती धाय मोकलून बाहेर आली, ‘‘अगे माझ्या बाये, गेलो गे आमचो भाऊ! किती चांगलो माणूस!’’

ह्यांनी चादर बाजूला केली आणि उठून बसले. ‘‘वहिनी, मग कुंपण सरकवताय ना?’’

ती बाई तिथेच मटकन बसली, आणि पोरींना खराखुरा रुग्ण मिळाला. पाय वर करा, वारा घाला, भोवती गर्दी नको, सगळं झालं. कुंपण काही सरकलं नाही. पण बोलणं सुरू झालं.

पुढे भाषेचं भांडण पेटलं. कोंकणी की मराठी. रस्त्यावर झाडं आडवी पडायची, बसगाड्या बंद, घराघरात दोन तट. वर्गातही झाले. एका सकाळी फळ्यावर कोणीतरी एका बाजूची घोषणा लिहिली, दुसरीने ती पुसून आपली लिहिली, आणि दोघी एकमेकींच्या वेण्यांपर्यंत पोचल्या. हे मला पोरींनीच सांगितलं. बाई आत आल्या, फळा पुसला नाही. नुसतं विचारलं, ‘‘तुला घरी आई काय हाक मारते?’’ एक म्हणाली, चेडवा. एक म्हणाली, बाय. एक पोरगी बेळगावकडची होती, बाप इकडे कारखान्यात होता, ती म्हणाली, अक्का. असं साऱ्या वर्गाचं झालं. मग बाई म्हणाल्या, ‘‘बेशुद्ध माणसाला हाक मारायची असते. कुठल्या भाषेत मारायची, ते त्याला विचारता येत नाही. मग काय कराल?’’

तो प्रश्न काही फुकट गेला नाही. राज्य झालं त्या सुमाराला बाजाराजवळ एक इमारत उठत होती. परांचीवरून एक गडी खाली वाळूत पडला. बाई पोरींना घेऊन तिथूनच चालल्या होत्या. पोरींनी मान हलू न देता धरली, श्वास बघितला. चालू होता, पण डोळे उघडेना. ‘‘बाबा’’ म्हटलं, ‘‘दादा’’ म्हटलं, ‘‘अरे बाब, उठ रे’’ झालं, काही नाही. बाईंनी त्याच्या सोबत्याला खांद्याला धरून विचारलं, ‘‘ह्याची आई ह्याला काय म्हणते?’’

तो रडत होता. म्हणाला, ‘‘बाळ्या म्हनत्या.’’

‘‘मार हाक. तुझ्या गावी मारतात तशी.’’

त्याने कानाशी तोंड नेलं, ‘‘बाळ्या! आरं ऊठ की लेका, बैल सुटलाय!’’

आणि त्या माणसाने डोळे उघडले गो. बैल शोधायला लागला मान वळवून. ‘‘मान धर, मान धर!’’ बाई ओरडल्या. त्याला म्हापशाला धाडलं, आणि पुढे महिन्याभराने तो नारळ घेऊन आमच्या दारात उभा. ते दोन तट मात्र वर्गातून नाहीसे झाले असं काही मी सांगणार नाही. वेण्या तेवढ्या वाचल्या.

तर असा माणूस. कोणी म्हणेल, एवढं चांगलं चाललं होतं, मग अडलं कुठे? अडलं ते आमच्याच वाड्यावर.

मंगल म्हणून पोरगी होती, वासूदादा नाईकांची. वर्गात सगळ्यांत शांत, पण हाताला सगळ्यांत धीट. तिच्या आईला साखरेचा आजार होता, डॉक्टरांनी गोळ्या लावून दिल्या होत्या. श्रावणातला आयतार आला. आमच्या बायकांचा तो मोठा उपास, सूर्याची पूजा करायची, पानं मांडायची. मंगलच्या आईने सकाळी गोळी घेतली, कारण डॉक्टरांनी चुकवू नको म्हणून सांगितलं होतं. आणि पोटात काही घेतलं नाही, कारण आयतार होता. दोन्ही नेम तिने पाळले.

पूजा चालू असताना तिला दरदरून घाम फुटला. काहीबाही बोलायला लागली. कोणी धरायला गेलं तर ढकलून द्यायला लागली, डोळे वेगळेच. बायकांनी काय केलं, सांगू? हात जोडले. भार आला म्हणाल्या. देवी अंगात आली म्हणून कोणी कुंकू लावलं, कोणी ओटी आणायला धावली. मीही हात जोडून उभी होते त्यात. एकटी मंगल ओरडत होती, ‘‘भार नाही तो, साखर उतरली आहे! गूळ द्या, तोंडात गूळ द्या तिच्या!’’ तिची आत्या तिच्यावर खेकसली, ‘‘आयताराच्या उपासात तोंडात गूळ? गप बस, कॉलेजवाली!’’ मग आई निपचित पडली. तेव्हाही मंगल म्हणत होती, गालाच्या आत बोटाने साखर चोळूया आणि गाडी बोलवूया. तिला कोणी जवळ जाऊ दिलं नाही. वासूदादा देवळात जाऊन बसला. कोणाचा भार आहे, काय मागणं आहे, विचारायला. पाकळी पडेना. पडली तेव्हा उजवी पडली, न्या म्हणून. दुपार उलटून गेली होती. इस्पितळात मंगलची आई काही दिवस राहिली, पण शुद्धीवर आलीच नाही, तशीच गेली.

बाई त्या दिवशी हळर्णला गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा मंगल आमच्या पायरीवर बसली होती. रडत नव्हती. एवढंच म्हणाली, ‘‘बाई, मला येत होतं. मला कोणी करू दिलं नाही. मी आता कॉलेजात येणार नाही.’’

बाईंनी तिला समजावलं नाही. माझ्या रांधपात आल्या, आणि पहिल्यांदाच कुठल्याही भांड्याचं झाकण उचललं नाही. मग म्हणाल्या, ‘‘वहिनी, माझी चूक झाली. मी पोरींना शिकवलं. शिकायचं गावाने होतं.’’

आम्हाला वाटलं, आता बाई देवळाशी भांडणार. कॉलेजातले दोघे तरुण मास्तर तर आलेच होते, निषेधाचा कागद काढू म्हणून. बाईंनी त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं. आणि संध्याकाळी स्वतः गेल्या गुरवाकडे, वाड्यावरची चार वडीलधारी माणसं बोलावून. मी मागे होते. बाई म्हणाल्या, ‘‘मला कौल लावायचा आहे.’’

‘‘लावा. कसलो?’’

‘‘पुढचा. ह्यापुढे गावात कोणी अचानक पडला तर त्याला तडक इस्पितळात न्यायची परवानगी देव देतो का? एकदाच विचारायचं, सगळ्यांच्या वतीने. म्हणजे प्रत्येक वेळी बसायला नको.’’

गुरवाने डोक्याला हात लावला. ‘‘असलो कौल आमच्या बापजाद्यांनी लावलो नाय.’’

‘‘पेरणीआधी वर्षाचा कौल लावता ना? पाऊस पडायच्या आधीच विचारता. तसाच हा.’’

म्हातारी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कारण म्हणणं चुकीचं नव्हतं. शेवटी त्यांतल्या थोरल्याने अट घातली, ‘‘चलात. पण बाई, डावो पडलो तर तुम्ही मान्य करूक व्हयो. मगे गावात कोणाक काय सांगूक यायचा नाय. पोरींकव शिकवायचा नाय हय.’’

बाई म्हणाल्या, ‘‘मान्य.’’

घरी येताना मी धावतच त्यांना गाठलं. मी म्हटलं, ‘‘बाई, हे काय करून बसलात? डावा पडला तर? सगळंच संपलं की! तुमचा तरी विश्वास आहे का कौलावर?’’

त्या ढांगा टाकत चालल्या होत्या, त्या थांबल्या. ‘‘माझा ह्या माणसांवर आहे, वहिनी. ती ज्याला विचारतात त्याला विचारल्याशिवाय ती हलणार नाहीत. माझे वडील पडले तेव्हा आमच्याकडेही असेच विचारत बसले होते. तेव्हा मी मंगलपेक्षा लहान होते. मला तर काही येतही नव्हतं.’’

एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी माझ्याकडे कधी काढला नाही.

कौलाच्या दिवशी सगळा वाडा देवळात. पोरी एका खांबाशी, बाई त्यांच्या पुढे, साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. मंगल आली नव्हती असं मला वाटलं, पण होती, मागे बायकांत. गुरवाने पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. आम्ही ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. आणि सगळ्यांच्या नजरा त्या दोन पाकळ्यांवर.

पडेनात.

गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. पडेनात. उन्हं चढली. पोरं कुरकुरायला लागली. कोणी म्हणालं, देव कोपलाय. कोणी म्हणालं, प्रश्नच वाकडा आहे. बाई हलल्या नाहीत, पण त्यांच्या कानामागून घामाचा ओघळ चालला होता तो मला दिसत होता. असं देवळात मी पुष्कळदा बसलेय, पण त्या दिवशी कळलं की वाट बघणं किती जड असतं. घरी कोणी आजारी पडलेलं नसताना ते एवढं जड, मग...

तेव्हा मागून मंगलचा आवाज आला. मोठा नव्हता, पण देवळात सगळ्यांना ऐकू गेला. ‘‘त्या दिवशी पण असंच चाललं होतं काय, बाबा?’’

कोणी वळून बघितलं नाही. वासूदादा गुरवाच्या पलीकडे उभा होता. मग पुढे आला, गुरवाला हाताने बाजूला केलं आणि स्वतः देवापुढे उभा राहून हात जोडले. त्याला गाऱ्हाणं घालायचा मान नव्हता गो. पण गुरव बाजूला झाला.

‘‘बा देवा म्हाराजा,’’ तो म्हणाला. ‘‘माझी बायल पडली तेव्हा मी तुका इचारूक बसलंय. तू उजवो दिलंस. तुझी काय चूक नाय. बसलंय तो मी. आज तू बोलू नको. तू गप रव. ह्या फुडे आमच्यातलो कोण पडलो तर आम्ही आधी उचलतलो, मगे तुज्याकडे येतलो. तुका राग इलो तर तो माझ्यार काढ, पोरांर काढू नको, म्हाराजा!’’

गाऱ्हाण्यानंतर ‘व्हय’ म्हणायचं असतं. कोणी म्हणेना. मग तीच त्याची बहीण, गूळ देऊ न देणारी मंगलची आत्या, तिने पदर तोंडावर घेतला आणि आतून म्हणाली, ‘‘व्हय म्हाराजा.’’ मग गुरव म्हणाला. मग सगळं देऊळ म्हणालं.

त्यानंतर पाकळी पडली. उजवी की डावी, ते विचारू नको. ज्यांना उजवी पडलेली दिसली ते अजून शपथेवर सांगतात, आणि डावी बघितलेलेही दोघे आहेत. माझं लक्ष बाईंकडे होतं. त्या खाली बसल्या होत्या आणि मंगल त्यांना पाणी पाजत होती.

म्हणून गाव बदललं, असं मोठं काही लिहायला सांगशील तर लिहिता येणार नाही. अजूनही कोणी पडलं की एक जण देवळाकडे धावतो. पण बाकीचे गाडीकडे धावतात, देवळातल्याची वाट न बघता. मंगल पुन्हा कॉलेजात गेली, पुढे त्यातच नोकरीला लागली, आता डोक्याचे केस पिकले तिचे. बाई निवृत्त झाल्या तशा हळर्णला गेल्या. भाऊ वारला, भाचे परगावी, घरात त्या आणि एक गाय.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

गेल्या महिन्यात मी बस धरून हळर्णला जाऊन आले. बाई पडवीत कदेलीवर बसल्या होत्या. ढांगा टाकणारं ते माणूस कदेलीवरून उठताना दोन्ही हातांनी दांड्या धरत होतं. पाय सुजून चकचकीत झालेले. मी बघते आहे हे बघून त्यांनी खाली वाकून आपल्या नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. खड्डा तसाच राहिला. ‘‘बघा वहिनी,’’ म्हणाल्या, ‘‘कसा राहतो. पुस्तकात असतो अगदी तस्सा. वर्गात दाखवायला असा पाय मला कधी मिळाला नाही.’’ आणि हसल्या, आणि हसताना धाप लागली. रात्री आडवं झोपवत नाही, भिंतीला उशी लावून बसून झोपते, हेही सांगितलं. जसं काही दुसऱ्याच कोणाचं सांगताहेत.

‘‘मग दाखवायला गेलात का?’’

‘‘जायचं आहे. गाय व्यायची आहे ना. ती मोकळी झाली की जाते.’’

श्रुती, मी पुढे बोलू शकले नाही गो. तुला माहीत आहे माझी जीभ कशी चालते. पण त्यांच्यापुढे नाही चालत. पेज झाली, बिनमिठाची. निघाले तर फाटकापर्यंत पोचवायला आल्या. वाटेत दोनदा थांबल्या, एकदा जास्वंदीचं पान उलटून बघत, एकदा कुंपणाचा दगड पायाने नीट करत. श्वास घेत होत्या, मला कळत होतं. बस आली. मागे वळून बघितलं तर एका हाताने फाटकाचा खांब धरून दुसरा हात त्यांनी ड्रायव्हरला उंच केला होता, म्हातारी नीट चढेपर्यंत थांब म्हणून.

गाय आज ना उद्या व्यायेल. मग वासरू लहान आहे म्हणतील. मग चतुर्थी येईल. मंगलला मी कळवलंय, ती गाडी घेऊन यायला तयार आहे. पण एकट्या मंगलला बाई पेज पाजून वाटेला लावतील, मला पक्कं माहीत. तू बरोबर हवीस. तू ह्या वर्षाची विद्यार्थीण, तुझ्यासमोर त्यांना उत्तर द्यावं लागेल. ते पायाचं, झोपेचं, धापेचं काय होतं, तुझ्या पुस्तकातल्या शब्दांत त्यांनाच विचार. विद्यार्थिनीला खोटं सांगणं त्यांना जमत नाही.

गाईजवळ मी राहीन. मला येतं ते सगळं, माझ्या हातावर कितीतरी वासरं झाली आहेत. तिथे बाईंना काही बोलायला जागाच ठेवू नको.

परीक्षा झाल्यावर येते, असं म्हणू नको हां. ह्या शनिवारी ये. पहिली बस धरलीस तर पेजेच्या वेळेला पोचशील, आणि आपण तशाच पुढे हळर्णला जाऊ. ये गो बाय, लवकर ये.